घरच्या लेथला दिवा: कुठे बसवायचा, वीज कुठून द्यायची

छोटा लेथ घेणारा माणूस चक, टूलपोस्ट, टूलबिट, व्हर्नियर यांची यादी करतो. दिवा त्या यादीत नसतो. मग डोक्यावरच्या ट्यूबलाइटमध्ये काम सुरू होतं आणि लवकरच लक्षात येतं की टूलचं टोक जॉबला, म्हणजे कापायच्या तुकड्याला, टेकलं की नाही हेच दिसत नाही. खोलीत उजेड भरपूर असतो, पण ट्यूब आणि जॉब यांच्या मधोमध आपणच उभे असतो.

घरात, गॅरेजमध्ये किंवा गच्चीवरच्या खोलीत सिंगल फेजवर चालणारा छोटा लेथ आहे, पण वायरिंगचा फारसा सराव नाही, अशांसाठी हे लिहितो आहे. बेंच ड्रिलचं थोडं वेगळं असतं, ते शेवटी सांगतो.

दोन गोष्टी सुरुवातीलाच ठरवून टाकू. लेथवरच्या दिव्यापर्यंत २३० व्होल्ट न्यायचे नाहीत, १२ किंवा २४ व्होल्ट डीसीच न्यायचे. आणि दिव्याची वीज मशीनच्या आतून काढायची नाही, ती बाहेरून वेगळी घ्यायची. एवढं पाळलं की दिव्याच्या बाजूच्या जोडणीत चूक झाली तरी फार तर दिवा लागणार नाही.

आधी जागा, मग दिवा

दुकानात जाण्याआधी मोबाइलचा टॉर्च हातात घ्या. मशीनचा प्लग काढा, चकमध्ये (जॉब पकडून फिरवणाऱ्या जबड्यांत) पंचवीसेक मिमी जाडीचा गज धरा, टूल सेंटरला लावून जॉबजवळ आणा. खोलीतला उजेड कमी करा आणि टॉर्च वेगवेगळ्या बाजूंनी धरून टूलच्या टोकाकडे पाहा. हे काम दोघांनी केलं तर बरं: एकाने टॉर्च धरायचा, दुसऱ्याने लेथवर काम करताना उभं राहतो तसं उभं राहून बघायचं.

बहुतेक जण दिवा मागच्या भिंतीवर किंवा मशीनच्या मागच्या पत्र्यावर लावतात, कारण तिथे जागा मोकळी असते आणि हाताला काही अडत नाही. पण लेथवर टूल आपल्या बाजूने जॉबला लागतं. कापण्याची जागा म्हणजे जॉबची आपल्याकडची कड, बरोबर सेंटरच्या उंचीवर. दिव्याचं तोंड जॉबच्या मागे राहिलं तर ती कड जॉबच्याच सावलीत जाते. जॉबचा माथा लखलखतो आणि टूलचं टोक अंधारात बसतं. टॉर्च हळूहळू मागून पुढे आणलात तर तो बरोबर जॉबच्या डोक्यावर आल्यावर टूलचं टोक एकदम उजळतं. दिव्याचं तोंड तिथे किंवा तिथून थोडं आपल्या बाजूला हवं. बूड खुशाल मागे असू द्या, मान वळून पुढे आली की झालं.

डावीकडून की उजवीकडून, हा दुसरा प्रश्न. डावीकडे हेडस्टॉक, म्हणजे चक फिरवणारा भाग, आणि चक. तिकडून येणाऱ्या उजेडात चकजवळ काम करताना जबड्यांच्या सावल्या टूलवर नाचत राहतात. फेसिंगमध्ये (जॉबचं तोंड सपाट करताना) ते तोंड उजवीकडे असतं, बोअरिंगमध्ये (भोक मोठं करताना) भोकही उजवीकडेच उघडं असतं. म्हणून वरून, किंचित उजवीकडून आणि किंचित पुढून येणारा उजेड सगळ्यात उपयोगी. मात्र फार खाली आणू नका, नाही तर टूलपोस्टचीच सावली पडते. टॉर्च सुमारे पन्नास-साठ अंशांच्या उतारावर धरून पाहिलात की या सगळ्यातला मध्य सापडतो.

अंतर चाळीस ते पन्नास सेंटिमीटर ठेवा. याहून जवळ दिवा ठेवला तर गरम चिप्स (धातूचा कीस) आणि कूलंट (थंड ठेवायला सोडलेलं द्रव) थेट काचेवर उडतात. दूर नेला तर उजेड झपाट्याने घटतो. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथ्या हिश्श्यावर येतो, म्हणून एक मीटरवर टांगलेला वीस वॉटचा दिवा अर्ध्या मीटरवरच्या पाच वॉटच्या दिव्यापेक्षा सरस ठरत नाही.

डोळ्यांचंही बघा. वाकून टूलकडे पाहताना दिव्याची उघडी एलईडी नजरेत आली तर बुबुळं आकसतात आणि तोच जॉब काळवंडलेला दिसतो. टोपी असलेला दिवा घ्या, नाही तर काळ्या पत्र्याची दोन बोटं रुंदीची झालर लावा. डायलवरचे आकडे वाचतानाही चकाकी त्रास देते. घासून चमकवलेल्या डायलवर उजेड सरळ आला तर रेघा गायब होतात, तिरका आला की उठून दिसतात.

किती वॉटचा, कसला

पाच वॉटचा, अरुंद झोताचा एलईडी अर्ध्या मीटरवरून हजार-दीड हजार लक्स सहज देतो आणि बारीक कामाला तेवढं पुष्कळ होतं. पाच ते दहा वॉटच्या पलीकडे जायची गरज नाही. रंग ४००० ते ५००० केल्विनच्या आसपास ठेवा. ६५०० चा निळसर पांढरा उजेड चकचकीत पोलादावर डोळ्यांना टोचतो, शिवाय टूल घासताना किंवा पाणी उतरवताना (टेम्परिंग करताना) धातूवर येणारे पिवळे-निळे रंग त्यात फसवे दिसतात.

बाजारात चार प्रकार मिळतील.

मशीन टूलसाठीच बनवलेला २४ व्होल्टचा एलईडी दिवा हा उत्तम. जाड काच, रबरी सील, धातूची मान, बुडाला स्क्रूची भोकं. महाग असतो, पण एकदाच घ्यावा लागतो.

दुचाकीला लावायचा छोटा एलईडी फॉग लाइट हा माझ्या मते घरच्या लेथसाठी सगळ्यात शहाणा सौदा. ऑटो स्पेअरच्या कुठल्याही दुकानात मिळतो, अंग ओतीव अ‍ॅल्युमिनियमचं, पाण्यापासून बंद, आणि १२ व्होल्टवर चालतो. फक्त त्याचा झोत फार तीव्र असेल तर काचेवर दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा चिकटवा. घेताना एक तपासा: मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोड असला की वाजणाऱ्या खुणेवर) लावून काळी वायर आणि दिव्याचं अंग यांत जोड आहे का ते बघा. काही दिव्यांत उणे टोक अंगालाच जोडलेलं असतं. ते असलं तरी बिघडत नाही, पण जोडणी करताना माहीत असायला हवं.

जुना हॅलोजनचा मशीन लॅम्प भंगारात सापडतो. मान आणि बूड फार मजबूत, तेवढंच ठेवा आणि आतला हॅलोजन काढून टाका. पन्नास वॉटचा हॅलोजन हाताला चटका देतो आणि गरम काचेवर कूलंटचा थेंब पडला तर काच तडकते.

चौथा, शिलाई मशीनचा चुंबकवाला दिवा. स्वस्त, लवचीक, चटकन चिकटणारा, म्हणून मोह पडतो. पण यातले बरेचसे थेट २३० व्होल्टवर चालतात, वायर दोनच, अर्थिंग नाही. शिलाईच्या टेबलावर ते निभतं. लेथवर धातूची मान रोज वाकवली जाते, आत वायर घासत राहते, वरून चिप्स पडतात, कूलंट झिरपतं. एक दिवस आतलं इन्सुलेशन फाटतं आणि ती मान जिवंत होते, आणि तिला हात लावणाऱ्याचा दुसरा हात लेथच्या ओतीव लोखंडावर असतो. कारखान्यांतही हा धोका जुनाच ओळखला गेलेला आहे: कारखाने अधिनियमाच्या (१९४८) कलम ३६-अ ने टाकी, खड्डा, पाइप अशा कोंदट बंदिस्त जागेत नेण्याच्या हातदिव्याला २४ व्होल्टची मर्यादा घातली. आपला लेथ टाकीत नाही, पण लोखंडाला टेकून उभं राहायचं असेल तर हाच आकडा डोक्यात ठेवावा.

चुंबकाबद्दल आणखी एक. चुंबकी बूड चाचणीला छान, कायमचं नको. लोखंडाचा चुरा त्याभोवती दाढीसारखा वाढतो, आणि मशीनला चुंबकी पट्टीचा डीआरओ (सरक मोजून आकडा दाखवणारं यंत्र) असेल तर चुंबक त्याच्या आसपासही नको.

फिरता चक थांबल्यासारखा दिसणं

हा मुद्दा नवशिक्यांना कुणी सांगत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो.

आपली घरातली वीज ५० हर्ट्झची. तिच्यावर थेट चालणारा साधा दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्याला ते कळत नाही, पण फिरत्या वस्तूवर परिणाम होतो. तीन जबड्यांचा चक मिनिटाला २००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर उजेडाच्या दोन झगमगींमध्ये तो बरोबर एक तृतीयांश फेरी पुढे जातो. म्हणजे प्रत्येक वेळी एका जबड्याच्या जागी दुसरा जबडा येऊन बसलेला असतो, आणि चक स्थिर दिसतो. चार जबड्यांच्या चकसाठी हाच वेग १५०० आहे. वेग थोडा इकडे-तिकडे असला तर चक सावकाश पुढे किंवा उलटा फिरताना दिसतो. आवाज असतो म्हणून सहसा माणूस फसत नाही. पण शेजारी ग्राइंडर किंवा कॉम्प्रेसर चालू असेल तर कानावर भरवसा ठेवता येत नाही.

जुन्या पट्टी-चोकच्या ट्यूबलाइट याबाबत बदनाम होत्या. आजचे स्वस्त एलईडी बल्ब, ज्यांत वेगळा ड्रायव्हर नसून सगळं एकाच पट्टीवर असतं, तेही तसेच. उपाय सोपा आहे: चांगल्या एसएमपीएस (२३० व्होल्टचा कमी व्होल्टचा डीसी करणारी डबी) किंवा अडॅप्टरमधून येणारा गुळगुळीत डीसी. कमी व्होल्टचा आग्रह आणि डीसीचा आग्रह इथे एकाच खरेदीत भागतात. २४ व्होल्टचा साधा ट्रान्सफॉर्मर लावून एसीवर एलईडी चालवलात तर शॉकचा धोका टळेल, पण लुकलुक राहील.

तपासायचं कसं? दिव्याखाली पेन्सिल जोरात हलवा. एकसलग पुसट पंखा दिसला तर दिवा ठीक. सुट्या-सुट्या पेन्सिली दिसल्या तर लुकलुक आहे. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये चित्रण केलं तर आणखी स्पष्ट कळतं. घेण्याआधी दुकानातच करून बघा, दुकानदार बघत राहील, राहू दे. आणि डोक्यावरची ट्यूब लुकलुकणारी असेल तर तीही बदला, कारण नुसता जवळचा दिवा चांगला असून पुरत नाही.

वीज कुठून घ्यायची

छोट्या लेथमध्ये हेडस्टॉकमागे एक पेटी असते, तिच्यात वेग कमीजास्त करणारा बोर्ड. पेटी उघडली की डीसी सापडतो आणि वाटतं, इथूनच घेऊ. तसं करू नका. डीसी मोटरवाल्या बहुतेक लेथमधला तो बोर्ड मेनपासून वेगळा केलेला नसतो. त्यावर ‘उणे’ लिहिलेलं टोकसुद्धा जमिनीच्या हिशेबाने शंभर-दोनशे व्होल्टवर असू शकतं. तिथून दिव्याला वायर काढली की आधी टाळलेला धोका मागच्या दाराने परत आला. वॉरंटी जाते ती वेगळीच.

मशीनच्या स्विचनंतरची वीज घेण्यातही तोटा आहे. लाल इमर्जन्सी बटण दाबलं की दिवाही जातो. बटण दाबलं जातं तेव्हाच नेमकं सगळ्यात जास्त दिसायला हवं असतं: बाही अडकलेली असते, चक अजून थांबलेला नसतो. मशीन बंद, दिवा चालू, अशीच रचना हवी.

म्हणून नवख्या माणसाने भिंतीवरच्या बोर्डावर मशीनच्या शेजारचं दुसरं सॉकेट घ्यावं आणि त्यात दिव्याचा स्वतंत्र अडॅप्टर लावावा. मशीनचा प्लग काढला की मशीन पूर्ण मेलेलं असतं, दिवा चालू राहतो, आणि त्या उजेडात चक साफ करता येतो, बेल्ट बदलता येतो. मशीनच्या पेटीला हात लावायची वेळच येत नाही.

अडॅप्टर कोणता? १२ व्होल्टच्या दिव्याला सीसीटीव्ही कॅमेऱ्याचा १२ व्होल्ट, २ अँपियरचा अडॅप्टर. गल्लोगल्ली मिळतो. दहा वॉटचा दिवा १२ व्होल्टवर ०.८ अँपियरच घेतो, म्हणजे अडॅप्टर निम्म्यावर चालतो आणि गार राहतो. अंगावर बीआयएसचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आणि चौकोनात चौकोन, म्हणजे दुहेरी इन्सुलेशनची खूण, दोन्ही बघून घ्या. हातात घेतल्यावर रिकाम्या डबीसारखा हलका लागला तर ठेवून द्या. त्याची पिन कापू नका. ५.५ बाय २.१ मिमीचा, स्क्रूने वायर धरणारा मादी जॅक मिळतो, तो वापरा. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला या वस्तू मूठभर मागाव्यात, सुट्या घेतल्या तर परत जावं लागतं.

२४ व्होल्टचा दिवा असेल तर जाळीच्या पत्र्याच्या डबीतला एसएमपीएस लागेल, दीड अँपियरचा पुष्कळ झाला. त्याची टर्मिनलं उघडी असतात आणि जाळीतून लोखंडाचा चुरा आत जातो. बिडाचा बारीक काळा चुरा तर वीज वाहतो. म्हणून हा एसएमपीएस बंद पेटीतच बसवायचा, भिंतीवर, मशीनपासून हातभर दूर आणि चकच्या उंचीच्या वर. चकच्या रेषेत नको, चिप्स आणि कूलंट त्याच रेषेत उडतात. एसएमपीएसला अर्थिंग सक्तीचं आहे. ही २३० व्होल्टची जोडणी आयुष्यात कधी केली नसेल तर परवानाधारक वायरमनकडून करून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. त्याला नुसतं ‘जोडून दे’ म्हणू नका, पुढे दिलेला क्रम दाखवा.

लाइट जाण्याचा त्रास असलेल्या भागात आणखी एक सोय होते. राउटरसाठी १२ व्होल्टचा जो छोटा डीसी यूपीएस मिळतो, तो अडॅप्टर आणि दिवा यांच्यामध्ये लावता येतो, त्याच्या अँपियरात दिवा बसतो एवढं बघायचं. लाइट गेली तरी चक काही सेकंद गरागरा फिरत राहतो. तेवढ्यात काळोख नको. आणि अर्थातच, लाइट आल्यावर लेथ आपोआप सुरू होणार नाही, असा नो-व्होल्ट स्विच मशीनला आहे ना हे बघून ठेवा. दिव्यापेक्षा तो महत्त्वाचा.

बूड बसवणं

हेडस्टॉकच्या बिडात भोक पाडायचं नाही. मागे गिअर, तेलाची वाट किंवा वायर काय असेल ते बाहेरून दिसत नाही, आणि पडलेला चुरा थेट बेअरिंगमध्ये जातो. मागच्या पत्र्याचे, मोटरच्या ब्रॅकेटचे किंवा बेंचला धरणारे बोल्ट आधीच असतात. त्यांतला सोयीचा एक काढून त्याखाली ५ मिमीची लोखंडी पट्टी दाबून धरा आणि दिव्याचं बूड त्या पट्टीवर बसवा. पट्टी बाहेर ड्रिल करता येते, तिच्यात आटे पाडता येतात: एम५ ला ४.२ चं भोक, एम६ ला ५ चं. बोल्ट पट्टीच्या जाडीइतका जास्त लांब घ्या, नाही तर त्याची पकड कमी होते. नट नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, घ्या. लेथ थरथरतो, साधा नट हळूहळू सुटतो.

माझं मत विचाराल तर पट्टी मशीनला लावण्यापेक्षा बेंचच्या मागच्या कडेला लावलेली बरी. थरथर कमी पोचते आणि दिवा डुलत नाही.

लवचीक मान चारशे-पाचशे मिमीची घ्या, त्याहून लांब घेतली तर टोकाला वजन येऊन ती लवत जाते. आता महत्त्वाची कसोटी: मान सैल झाली किंवा धक्का लागला तर दिवा कुठे पडेल? मान वेगवेगळ्या बाजूंना पूर्ण वाकवून बघा. कुठल्याही अवस्थेत दिवा चकला किंवा जॉबला टेकत असेल तर बूड मागे सरकवा किंवा मान तोकडी करा. चकचे जबडे पूर्ण उघडून, चक हाताने फिरवून बघा, कारण उघडे जबडे चकच्या बाहेर येतात. टेलस्टॉक (उजवीकडचा आधार) आणि कॅरेज (टूल घेऊन सरकणारा भाग) शेवटपर्यंत नेऊन बघा. चकची चावी लावून पूर्ण घुमवून बघा. गिअरचं झाकण उघडतं ना, तेही.

दिवा कॅरेजवर बसवला तर उजेड टूलबरोबर सरकतो, ही कल्पना मोहक आहे. पण मग वायरही सरकते, आणि सरकती वायर चिप्समधून ओढली जाते. सहाशे मिमीपर्यंतच्या लेथवर त्याची गरज पडत नाही.

वायर

दिव्यापर्यंत ०.७५ चौरस मिमीची दोन कोरची लवचीक तांब्याची वायर. १२ व्होल्टवर तीन मीटर ओढली तरी दहा वॉटला व्होल्टेज एक दशांश व्होल्टच्या आसपास पडतं, ते सोडून द्या.

लेथच्या चिप्स धारदार असतात, निळ्या पडलेल्या चिप्स तर पीव्हीसीत रुतून बसतात. म्हणून मशीनजवळची वायर धातूच्या लवचीक नळीतून न्या. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाची कडी), पेटीत शिरते तिथे ग्लँड (वायर आवळून धरणारा नट). ग्लँड आवळल्यावर वायर ओढून बघा, आतल्या टर्मिनलवर ताण जाता कामा नये. बेडच्या वरून किंवा चिप ट्रेमधून वायर न्यायची नाही. बेंचच्या मागून आणा, पेटीत शिरण्याआधी खाली एक झोळ ठेवा, म्हणजे वायरवरून ओघळणारं कूलंट झोळातून टपकतं, पेटीत जात नाही.

जोडणी, क्रमाने

एसएमपीएसवाली मांडणी धरून सांगतो. अडॅप्टर वापरत असाल तर पहिल्या तीन पायऱ्या नाहीत.

१. आधी सॉकेटचं अर्थिंग खरं आहे का पाहा. जुन्या घरांत तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं. मल्टिमीटर एसीवर लावून फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ मोजा. दोन्हीकडे २३० च्या आसपास यायला हवं, न्यूट्रल-अर्थमध्ये एक-दोन व्होल्ट. फेज-अर्थमध्ये भलताच आकडा आला तर दिवा राहू द्या, आधी वायरमन बोलवा. लेथसाठीही ते अर्थिंग लागतंच. बोर्डाला ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असावा.

२. तीन पिनी प्लग, तीन कोरची ०.७५ ची केबल. तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. जुन्या केबलीत लाल, काळी, हिरवी. आपल्या प्लगमध्ये फ्यूज नसतो आणि भिंतीतला एमसीबी या बारीक वायरसाठी फार मोठा असतो, म्हणून पेटीत शिरताच फेजवर १ अँपियरचा काचेचा फ्यूज, होल्डरसह.

३. फेज, न्यूट्रल आणि अर्थ एसएमपीएसच्या त्या-त्या टर्मिनलला. पेटी पत्र्याची असेल तर पेटीलाही अर्थ जोडा. वायरच्या टोकाला फेरूल किंवा थिंबल (धातूची टोपी) दाबा. टोकावर शिशाचा डाग (सोल्डर) मारून स्क्रूखाली धरू नका: डाग मऊ असतो, दाबाखाली हळूहळू पसरतो आणि जोड सैल होऊन तापतो.

४. दिवा न जोडता वीज द्या आणि डीसी टर्मिनलवर मोजा. २४ च्या जवळ हवेत. कमीजास्त असेल तर बाजूचा छोटा स्क्रू हलक्या हाताने फिरवा. वीज बंद करून प्लग काढा.

५. अधिक टोकापासून १ अँपियरचा फ्यूज (१२ व्होल्टचा दिवा असेल तर दीडचा), मग स्विच, मग दिवा. उणे टोक सरळ दिव्याला. एसएमपीएसच्या बाबतीत उणे टोक अर्थ टर्मिनललाही जोडून टाका. मग कधी अधिक वायर घासून मशीनला टेकलीच तर फ्यूज उडतो किंवा एसएमपीएस बंद पडतो, बिघाड लपून राहत नाही.

६. स्विच पेटीवर किंवा बेंचच्या पुढच्या कडेला. चकवरून हात नेऊन लावावा लागेल असा नको, आणि दिव्याच्या डोक्यावरचाही नको.

७. दिवा जोडताना अधिक-उणे बघा. उलट जोडला तर बरेच दिवे नुसते लागत नाहीत, काही कायमचे जातात.

पहिल्यांदा लावण्याआधी

प्लग बाहेर असताना ओहमवर मोजा. प्लगच्या फेज आणि न्यूट्रल पिनांपासून पेटीच्या पत्र्यापर्यंत जोड दिसता कामा नये. अर्थच्या पिनेपासून पत्र्यापर्यंत एक ओहमच्या आत यायला हवा. मग दिवा लावा, अर्धा तास तसाच ठेवा आणि एसएमपीएसची पेटी, स्विच, दिव्याचं बूड हाताने चाचपा. कोमट चालेल. एकच स्क्रू बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर तो जोड सैल आहे.

नंतर लेथ चालू करून प्रत्येक वेगावर चककडे बघा. कुठे थबकल्यासारखा दिसला तर खोलीतले बाकीचे दिवे मालवून पुन्हा बघा, दोषी कोणता ते लगेच कळेल. वेगावर मान डुलते का तेही याच वेळी.

ड्रिल मशीनवर

तिथे एका बाजूने उजेड दिला की ड्रिलची सावली बरोबर पंचच्या खुणेवर पडते. दोन छोटे दिवे, डावी-उजवीकडून, प्रत्येकी तीन वॉटचे, एकाच अडॅप्टरवर समांतर जोडून पुरतात. मशीनचं डोकं बहुधा बिडाचं असतं आणि त्यावर पुलीच्या झाकणाचे स्क्रू असतात, पट्टी तिथे धरा, पण झाकण उघडायला अडणार नाही अशी. क्विलभोवती (ड्रिलसह वरखाली सरकणाऱ्या नळीभोवती) बसणारी गोल एलईडी रिंग दिसायला देखणी असते. लांब ड्रिल लावलं की तिचा उजेड कमी पडतो आणि चकची चावी तिला रोज ठोकते, म्हणून मी दोन दिव्यांच्याच बाजूचा.

काच आठवड्यातून एकदा पुसा. रॉकेल किंवा थिनर नको, काच पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकची असेल तर ती त्याने पांढरट पडून चिरते. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, तेही आधी चिप्स ब्रशने झटकून, नाही तर त्याच चिप्सनी काचेवर ओरखडे उठतात.